ग्रिड पाळू की मोडू?

प्रश्न : ताई, मी नागपूरला कमर्शियल आर्टच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मारबतीच्या मिरवणुकीवर पोस्टर केलं, अक्षरं वाकडीतिकडी, एकावर एक चढवली. सर म्हणाले ग्रिड कुठाय, हा नुसता गोंधळ आहे. मी म्हटलं पोस्टमॉडर्न आहे. कोणाचं बरोबर?

उत्तर : मारबतीला, म्हणजे वाईटाला हाकलायला काढतात त्या पुतळ्याला, चौकटीत बसव असं मी तरी म्हणणार नाही रे. इतवारीच्या गर्दीत ‘घेऊन जा गे मारबत’चा ओरडा, बडग्यांवरच्या, म्हणजे सोबतच्या पुतळ्यांवरच्या, चिडलेल्या पाट्या, हे सगळं हेल्व्हेटिका या साध्या-सरळ टाइपफेसमध्ये नीट रांगेत लावलं तर त्यातला जीवच जाईल. पण नुसतं वाकडं केलं म्हणजे पोस्टमॉडर्न, म्हणजे जाणूनबुजून नियम मोडणारं, झालं असंही नाही ना.

सर म्हणतात ते ग्रिड, म्हणजे मजकूर-चित्रं रांगेत बसवायची न दिसणारी उभ्या-आडव्या रेघांची चौकट, मुख्यतः स्वित्झर्लंडमधून आलं, म्युलर-ब्रोकमन वगैरे डिझायनर मंडळींकडून, दुसऱ्या महायुद्धानंतर. डिझायनरने आपला आवाज मागे ठेवायचा आणि माहिती स्वच्छ पोचवायची, कोणी कुठूनही वाचलं तरी सारखं कळलं पाहिजे, हा त्यांचा ध्यास. हेल्व्हेटिका 1957 ची, त्याच वातावरणातली. सीताबर्डीला मेट्रो बदलताना बाणाची पाटी धावता धावता वाचता येते ना, ते या विचाराचं देणं आहे आणि मला ते फार मोठं वाटतं.

आता गंमत बघ, हे मोडायला सुरुवात केली ती त्याच देशात, बासेलला. वोल्फगांग वाइनगार्ट मुळात छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणारा कंपोझिटर, 1968 पासून तिथे शिकवायला लागला आणि अक्षरांतली जागा ताणून, फिल्मचे थर एकावर एक ठेवून बघायला लागला की अर्थ कुठपर्यंत टिकतो. खिळा न् खिळा हाताखालून गेलेला माणूस तो, म्हणून त्याच्या तुटलेल्या ओळीतही ताण दिसतो. पुढे अमेरिकेत डिझायनर डेव्हिड कार्सनने 1994 मध्ये ‘रे गन’ या संगीताच्या मासिकात एक अख्खी मुलाखत झाफ डिंगबॅट्समध्ये, म्हणजे नुसत्या चिन्हांत छापली, कारण त्याला ती कंटाळवाणी वाटली. धाडस मोठं, पण मुलाखत देणाऱ्यावर तो अन्याय होता असं माझं मत.

आणि तुझी अक्षरं रोमन नाहीत, देवनागरी आहेत, हे विसरू नको. शिरोरेषा तोडलीस तर ती मुद्दाम तोडलेली दिसली पाहिजे, ट्रॅकिंग, म्हणजे अक्षरांमधलं अंतर, वाढवल्यामुळे आपोआप फाटलेली नको. वेलांट्या-उकारांना इंग्रजीपेक्षा ओळींमध्ये जास्त जागा लागते, ती न देता थर चढवलेस तर ‘कु’चा ‘क’ होतो, आणि सर चिडले असतील ते बहुतेक इथेच. तेच पोस्टर आधी एकदा सरळ ग्रिडमध्ये लाव, वेळ-जागा-दिवस वाचता येऊ दे, मग फक्त ओरडा जिथे आहे तिथलीच ओळ मोड. दोन्ही प्रिंट घेऊन सरांकडे जा.