शॉकअप बदलतोच आहे तर गाडी खाली पण घेऊ का?

प्रश्न : माझी २०१३ ची स्विफ्ट आहे, ९० हजार किमी झालंय. होटगी रोडनं येताना पुढून खडखड वाजतं आणि खड्ड्यातनं गेली की मागची बाजू दोन-तीनदा डुलते. मिस्त्री म्हणतोय शॉकअप संपलेत. मित्र म्हणतो ४० एमएमच्या लोअरिंग स्प्रिंगा टाक, गाडी रस्त्याला चिकटून पळते. बजेट कमी आहे, जुन्याच शॉकअपवर नुसत्या स्प्रिंगा टाकल्या तर चालेल का? (एक वाचक, जुळे सोलापूर)

उत्तर : नाही ओ, संपलेत शॉकअप आणि पैसे घालताय स्प्रिंगवर. वजन पेलते ती स्प्रिंग, आणि दबलेली स्प्रिंग परत परत उड्या मारत बसू नये म्हणून शॉकअप, आतलं तेल बारीक भोकांतनं ढकललं जातं आणि उडीचा जोर तिथंच जिरतो. तुमची गाडी डुलते म्हणजे ते जिरणं बंद झालंय. लोअरिंगची स्प्रिंग आखूड म्हणून कडक पण असते, मेलेला शॉकअप तिला काय आवरणार?

आता उंचीचा हिशोब बघा. स्विफ्टचा क्लिअरन्स, म्हणजे गाडीच्या पोटापासून जमिनीपर्यंतचं अंतर, १७० एमएम, तो पण रिकाम्या गाडीचा. ४० गेले, राहिले १३०, त्यात घरची पाच माणसं आणि डिकीत बॅगा भरून तुळजापूरला निघालात की ती अजून खाली बसणार. नियमातला स्पीडब्रेकर १०० एमएम उंच पण ३.७ मीटर रुंद असतो, त्यावर गाडी हळूहळू चढते. आपल्या गल्लीत रातोरात घातलेला हातभर रुंदीचा ब्रेकर मात्र दोन चाकांच्या मध्ये बरोबर पोटाखाली येतो, इंजिनखालचं तेलाचं चेंबर गेलं म्हणून समजा.

आणि स्प्रिंग कापून देतो म्हणणाऱ्याकडं तर फिरकू पण नका. मी तरुणपणी ही हौस केलीय, ग्राइंडरनं दीड वेटोळं उडवलं, गाडी दिसायला झकास, पुढं पंक्चर झाल्यावर जॅक लावला तर स्प्रिंग जागेवर सैल, हातानं गरागरा फिरत होती! चाक हवेत गेलं की ती जागा सोडणार हे तेव्हा कळलं.

तुमच्यासाठी माझं मत, स्प्रिंग आहे तीच ठेवा आणि कंपनीच्या मापाचे शॉकअप टाका. चारही जमत नसतील तर आधी मागची जोडी, पण एकच बाजू बदलायची नाही. पुढची खडखड शॉकअपचीच आहे असं धरून चालू नका, लिंक रॉड (चाकाजवळची छोटी जोडदांडी) आणि लोअर आर्मचे (चाकाला खालून धरणाऱ्या हाताचे) बुश, म्हणजे सांध्यातली रबरं, आधी हलवून बघायला सांगा, बऱ्याचदा आवाज तिथलाच निघतो आणि खर्च थोडक्यात भागतो. स्टिअरिंग फिरवताना टण्ण वाजत असेल तर वरचं माउंट (शॉकअप वर गाडीला जिथं बसतो ती रबरी बैठक) किंवा तिथलं बेअरिंग. पुढचे शॉकअप खोललेच तर माउंट, बेअरिंग, बंप स्टॉप (शॉकअप पूर्ण दबला की धक्का झेलणारा मऊ तुकडा) सगळं नवीन घ्या, मजुरी एकदाच लागते. एवढ्या जुन्या गाडीचा बंप स्टॉप हातात घेतला की शेंगाचटणीसारखा भुगा होतो, तोच परत बसवणारे पण आहेत.

बसवताना एक लक्ष ठेवा, मागच्या शॉकअपचा रबरी बुशचा बोल्ट गाडी जॅकवर असताना पूर्ण आवळायचा नाही, टायर जमिनीला टेकून गाडी बसल्यावरच फायनल टाइट, नाहीतर बुश पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो. पुढचं काम झालं की अलाइनमेंट करायचीच.

लोअर करायचीच असेल तर नंतर कधीतरी, २० एमएमच्या आत, आणि तेव्हा स्प्रिंगसोबत तिच्या मापाचे आखूड शॉकअप पण लागतील का ते आधी विचारून घ्या, लागले तर आत्ता घेतलेले वाया. मित्राला हा हिशोब विचारा एकदा.

हां, जुने शॉकअप गॅरेजमध्ये सोडू नका. तिथंच उभा धरून दांडा दाबा आणि ओढा, मध्येच मोकळा सटकला किंवा अंगावरनं तेल ओघळलेलं दिसलं तर मिस्त्री खरं बोलत होता.