पंप बदलावा की गाडीच बदलावी?

प्रश्न : माझी पेट्रोल गाडी 14 वर्षांची असून 1,60,000 किलोमीटर चालली आहे. अर्धा-पाऊण तास चालवली की ती अचानक बंद पडते आणि वीसेक मिनिटांनी पुन्हा सुरू होते. मेकॅनिक म्हणतात की टाकीतला फ्युएल पंप गेला आहे. त्याचा खर्च नव्या गाडीच्या कर्जाच्या साधारण 2 हप्त्यांएवढा येतो. माझा आपत्कालीन निधी 4 महिन्यांच्या घरखर्चाएवढा आहे. दुरुस्ती करावी की ही गाडी विकून 5 वर्षांच्या कर्जावर नवी घ्यावी?

उत्तर : तुमच्या हातात पंपाच्या खर्चाचा अंदाज आहे, परंतु पंप खरोखर नादुरुस्त असल्याचे कोणी मोजून पाहिले आहे, असे पत्रावरून दिसत नाही. म्हणून पहिला खर्च तपासणीवर करावा. पंपाच्या तुलनेत तो किरकोळ असतो, आणि पुढचा सगळा हिशेब त्याच्यावरच उभा राहणार आहे.

तापल्यावर बंद पडणे आणि निवल्यावर सुरू होणे हे झिजलेल्या पंपाचे लक्षण आहे खरे, पण क्रँकशाफ्ट सेन्सर (इंजिन फिरते की नाही हे टिपणारा) किंवा रिले (पंपाला वीज देणारा स्विच) बिघडला तरी गाडी नेमकी अशीच वागते. इंजिन फिरत असल्याचा संकेत सेन्सरकडून मिळाला नाही, तर इंजिनाचा संगणक पंपाचा वीजपुरवठा स्वतःच तोडतो, त्यामुळे धडधाकट पंपही गेल्यासारखा वाटतो. यासाठी तपासणी थंड गाडीवर न करता, गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून ते बंद पडेल त्या क्षणी करून घ्यावी. त्या वेळी सेल्फ न मारता नुसती चावी ऑन करून मागच्या सीटपाशी कान द्यावा. बहुतेक गाड्यांत सुमारे 2 सेकंद बारीक घरघर ऐकू येते. ती आली नाही, तर पंपाच्या कनेक्टरवर मल्टिमीटर (वीज मोजायचे यंत्र) लावून चावी पुन्हा ऑन करावी आणि त्या 2 सेकंदांतच वीज पाहावी. वीज पुरेशी येत असून आणि अर्थिंग नीट असूनही पंप फिरत नसेल, तर तो गेला असे समजावे. वीजच येत नसेल, तर फ्यूज आणि रिले पाहावेत. घरघर येत असेल, तर इंधनाचे प्रेशर गेजने मोजावे; ते ठीक भरले, तर सेन्सर पाहावा. साध्या पेट्रोल इंजेक्शनच्या अनेक गाड्यांत ते 3 ते 4 बारच्या (बार हे दाबाचे एकक) आसपास असते, तरी तुमच्या मॉडेलचा नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्यावा. प्रेशर कमी भरले तरी आधी फिल्टर पाहावा, कारण तुंबलेला फिल्टर पंपावर खापर फोडून मोकळा होतो.

हे मी इतक्या आग्रहाने लिहितो, कारण माझ्या जुन्या गाडीचा पंप न मोजताच बदलला गेला होता. तिसऱ्या आठवड्यात गाडी पुन्हा रस्त्यात थांबली. सीट उचलून पाहिले, तेव्हा कनेक्टरची एक पिन करपून तपकिरी झाली होती आणि भोवतीचे प्लास्टिक वितळले होते. पंपाचे पैसे मात्र गेले ते गेलेच.

आता पंपच गेल्याचे ठरले, असे धरू. हप्त्यांशी थेट तुलना थोडी फसवी आहे, कारण हप्त्यातला काही भाग मुद्दल असतो आणि त्याच्या बदल्यात तुमच्याकडे गाडी राहते. नव्या गाडीचा खरा खर्च म्हणजे व्याज, वाढीव विमा आणि पहिल्या वर्षांत सर्वांत वेगाने होणारा घसारा, म्हणजे गाडीच्या किमतीतली घट. या तिन्हींची वर्षाची बेरीज जुन्या गाडीच्या वर्षभराच्या दुरुस्तीशेजारी ठेवावी. इंजिनाचे कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब), गिअरबॉक्स आणि खालचा सांगाडा ठीक असेल, तर माझा कौल दुरुस्तीला आहे. गाडी विकायचीच असली तरी सुरू न होणाऱ्या गाडीला घेणारा सर्वांत वाईट शक्यता धरूनच भाव सांगतो. सांगाडा गंजला असेल किंवा इंजिन उघडावे लागणार असेल, तर मात्र पंपावर पैसे घालू नयेत.

पैसे आपत्कालीन निधीतून घ्यावेत आणि पुढच्या काही महिन्यांत तो आधी भरून काढावा. निधी असतो तो अशाच प्रसंगासाठी. क्रेडिट कार्डावर रक्कम थकवून किमान देय भरत राहण्याचा मार्ग टाळावा. निकाल लागेपर्यंत ही गाडी वेगाच्या रस्त्यावर नेऊ नये, ही कळकळीची विनंती आहे, कारण इंजिन बंद पडताच स्टीअरिंग जड होते आणि ब्रेकची मदतही थोड्याच दाबांत संपते.

काम देताना टाकी आतून पाहायला सांगावी, कारण गंज आणि गाळ तसाच राहिला तर नवा पंपही लवकर जातो. पंप ज्या झाकणाखाली बसतो, त्याचे सील नवे घालावे. फक्त मोटर बदलता येते की पूर्ण असेंब्लीच घ्यावी लागते, हेही विचारावे. फरक मोठा असू शकतो. हे काम घरी करू नये, कारण लाइनमध्ये दाब असतो आणि पेट्रोलच्या वाफेला एक ठिणगी पुरते. नंतर टाकी पावच्या खाली जाऊ देऊ नये, कारण टाकीतला पंप पेट्रोलमुळेच थंड राहतो. मोजलेले प्रेशर बिलावर लिहून घ्यावे आणि काढलेला पंप परत मागावा.