पडक्या भिंतींवर पोट भरतं का?

"सर, ह्या पडेल भिंती मोजीसन पोट भरी का?" मुलीच्या करिअरचा सल्ला घ्यायला माझ्याकडे आलेल्या वडिलांनी खुर्चीत बसायच्या आधीच विचारलं. कुटुंब अमळनेर तालुक्यातलं, वडील जिनिंगमध्ये कामाला, मुलगी नुकतीच बारावी सायन्सचे पेपर देऊन मोकळी झालेली. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) अमेरिकेत व्हर्जिनियातल्या मेरी वॉशिंग्टन विद्यापीठात ऐतिहासिक वास्तूंच्या जतनाची थेट पदवी मिळते, हे तिने मोबाइलवर वाचलं होतं. तसलंच काहीतरी तिला इकडे करायचं होतं.

आपल्याकडे हा विषय बहुतेक ठिकाणी पदवीनंतर येतो. दिल्ली आणि भोपाळच्या स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चरमध्ये वास्तुजतनाचं एम.आर्क. आहे, पण त्याआधी पाच वर्षांचं बी.आर्क. लागतं. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पुरातत्त्वाचं एम.ए. आहे. हे ऐकून पोरीचा चेहरा उतरला आणि वडिलांचा खुलला. त्यांच्या लेखी विषय तिथेच संपला होता.

तिची चित्रकला बरी, म्हणून शाळेत सगळ्यांनी तिला आर्किटेक्ट करून टाकलेलं. मी विचारलं, "पडक्या वाड्यात गेलीस की आधी कुठे बघतेस?" कमानी, खांब, नक्षी असं काही येईल असं वाटलं होतं. ती मामाच्या गावच्या गढीबद्दल बोलायला लागली. तिथला एक बुरूज कोणीतरी सिमेंटने लिंपून घेतला होता. पुढच्या पावसाळ्यांनंतर सिमेंट जसंच्या तसं, आणि शेजारच्या जुन्या विटा मात्र भुगा होऊन गळायला लागल्या. विटांवर पांढरी पूड आली होती. "मी चाखून पाहिली, खारट होती."

वडिलांनी कपाळाला हात लावला. मी मात्र खुर्ची पुढे ओढली.

चुन्याच्या गिलाव्यातून भिंतीतली ओल बाहेर पडते. सिमेंट ती अडवतं. मग ओल बाजूच्या मऊ विटेतून वाट काढते आणि वाळताना क्षार मागे ठेवते. त्या क्षारांचे स्फटिक विटेच्या आतच फुगतात आणि वीट फोडतात. पोरीने निम्मं उत्तर स्वतःच शोधलं होतं, तेही जिभेने. जळगावहून तासा-दीड तासावर अजिंठा आहे. तिथल्या चित्रांवर 1920च्या दशकात निजामाने बोलावलेल्या इटालियन तज्ज्ञांनी लाखेचं व्हार्निश लावलं. पुढे ते पिवळं पडलं आणि नंतरच्या रसायनतज्ज्ञांना ते काढत बसावं लागलं. हे सांगितल्यावर तिचा पहिला प्रश्न: "कशाने काढलं?"

हिला रसायनशास्त्राकडे पाठवायचं, हे माझ्यापुरतं तिथेच ठरलं. तरी खात्री हवी म्हणून धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात एक फेरी मारून यायला सांगितलं. तिथल्या जुन्या मोडी लिपीतल्या कागदांत जीव रमला, तर इतिहासाची वाट धरता आली असती. परत आली ती कागदाला कीड कशी लागते, हे विचारत. मोडीचं नावही नाही.

वडिलांशी बोलणं वेगळं झालं. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची स्वतःची विज्ञान शाखा आहे, तिथे रसायनशास्त्राचे पदव्युत्तर लोक लागतात. लखनौला सांस्कृतिक मालमत्तेच्या जतनासाठी राष्ट्रीय प्रयोगशाळा आहे, मोठ्या संग्रहालयांतही जतनाचं काम चालतं. पण जागा थोड्या आहेत आणि भरती दरवर्षी निघेलच असं नाही, हेही स्पष्ट सांगितलं. ही बाजू लपवून पालकांना राजी करणारे सल्लागार मला आवडत नाहीत. वडिलांच्या उपयोगाची गोष्ट अशी, की रसायनशास्त्रात एम.एस्सी. झालेल्या मुलीला औषध कंपनी, प्रयोगशाळा, शिक्षकी पेशा हे रस्ते उघडेच राहतात. पहिल्या पदवीवर 'जतन' छापलेलं नसणं इथे तिच्या फायद्याचंच होतं.

दहावी-अकरावीच्या पालकांसाठी एक सांगतो: बी.आर्क.ची शक्यता ठेवायची असेल, तर गणित आणि भौतिकशास्त्र सोडू नका. वास्तूंची आवड असलेली कितीतरी मुलं अकरावीत गणित टाकतात आणि बारावीनंतर माझ्याकडे येतात.

पोरीने बी.एस्सी.ला प्रवेश घेतला. वडिलांची अट: एम.एस्सी.पर्यंत मधेच विषय बदलायचा नाही. ती तिने लगेच मान्य केली. खरी घासाघीस झाली ती वसतिगृहावरून, कारण आईला ती रोज एसटीने घरी यायला हवी होती.