व्यावसायिक बेसबॉलमध्ये संघाने खेळाडूची तब्येत जपावी की जिंकायला बघावं?

तुमचा प्रश्न असा, की विजेतेपद हाताशी असताना दुखापतीतून उठलेल्या पिचरला (चेंडू टाकणाऱ्या खेळाडूला) बसवून ठेवणं बरोबर आहे का. माझ्या मते बरोबर आहे. मी ज्या संघाचा चाहता आहे, त्याने नेमकं हेच केलं आणि तो हरला. तरीही माझं मत बदललेलं नाही.

2012 मध्ये मी व्हर्जिनियात राहत होतो. माझ्या वॉशिंग्टन नॅशनल्सने त्या मोसमात 98 सामने जिंकले, लीगमध्ये सर्वांत जास्त. त्यांचा सगळ्यात जोरदार पिचर स्टीव्हन स्ट्रासबर्ग. 2010 साली पदार्पणातच त्याने 14 जणांना स्ट्राइकआउट केलं, म्हणजे तीन-तीन स्ट्राइकवर बाद केलं, आणि अडीच महिन्यांत त्याच्या कोपराचा लिगामेंट फाटला. मग टॉमी जॉन शस्त्रक्रिया, म्हणजे शरीरात दुसरीकडचा टेंडन काढून तो कोपरात बसवायचा. वर्षभर तरी हात बाजूला. जनरल मॅनेजर माइक रिझो यांनी आधीच सांगितलं होतं, की परतल्यानंतरच्या पहिल्या पूर्ण मोसमात याच्या इनिंग्ज (डाव; एका सामन्यात नऊ) मर्यादित ठेवणार. सप्टेंबरमध्ये 159 इनिंग्ज झाल्या आणि त्याला थांबवलं. त्याला स्वतःला ते अजिबात पटलं नव्हतं.

12 ऑक्टोबरला प्लेऑफमधला, म्हणजे मोसमानंतरच्या बाद फेरीतला, सेंट लुइस कार्डिनल्सविरुद्धचा निर्णायक पाचवा सामना मी मैदानात बसून पाहिला. आपण 6-0 ने पुढे होतो. नवव्या, शेवटच्या इनिंगमध्ये 7-5, तिघांपैकी दोघं बाद, सगळं मैदान उभं, फक्त एक स्ट्राइक हवा होता. तो आलाच नाही. कार्डिनल्सने चार धावा काढल्या, 9-7. मध्यरात्र उलटून गेली होती. नेव्ही यार्ड स्टेशनकडे जाताना गर्दीत कुणीही बोलत नव्हतं. माझ्या पुढे एक बाप झोपलेल्या मुलाला खांद्यावर घेऊन चालला होता, मुलाची लाल टोपी त्याने दातात धरली होती.

पण चूक कुठे झाली? माझ्या मते थांबवण्यात नाही, आखणीत. त्याच वर्षी अटलांटा ब्रेव्ह्जकडे क्रिस मेडलेन होता, त्याचीही तीच शस्त्रक्रिया झालेली. त्यांनी त्याला जुलैअखेरपर्यंत बुलपेनमधून (सामन्याच्या मध्येच येणाऱ्या राखीव पिचरमधून) थोडं थोडं वापरलं आणि मग सामना सुरू करणारा पिचर केलं. ऐन ऑक्टोबरमध्ये त्याच्या हातात इनिंग्ज शिल्लक होत्या. नॅशनल्सनी एप्रिलपासूनच मोजून खर्च केला असता तर स्ट्रासबर्गही शिल्लक राहिला असता. अर्थात 2014 च्या मार्चमध्ये मेडलेनचं कोपर पुन्हा गेलं. हिशेब कितीही नीट ठेवा, कोपर त्याला बांधील नसतं.

दुसरं, हा निर्णय खेळाडूवर सोडूच नये. 2015 च्या वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे विजेतेपदाच्या अंतिम मालिकेचा, पाचवा सामना बघा. न्यूयॉर्क मेट्सचा मॅट हार्वी, हाही टॉमी जॉन करून आलेला. आठ इनिंग्जनंतर मॅनेजर (संघाचे मुख्य प्रशिक्षक) टेरी कॉलिन्स त्याला काढणार होते. तो डगआउटमध्ये (मैदानालगतच्या संघाच्या बाकांपाशी) त्यांच्यासमोर जाऊन हटून बसला, प्रेक्षक त्याच्या नावाचा घोष करत होते, कॉलिन्स विरघळले. नवव्या इनिंगमध्ये 2-0 ची आघाडी गेली, बरोबरीमुळे लांबलेल्या बाराव्या इनिंगमध्ये सामनाही गेला. त्या वर्षी प्लेऑफ धरून हार्वीने 216 इनिंग्ज टाकल्या. पुढच्या जुलैत खांद्याजवळची शस्त्रक्रिया झाली आणि पूर्वीचा हार्वी नंतर कधी दिसलाच नाही. त्याला मी दोष देत नाही. सव्विसाव्या वर्षी तशा रात्री ‘मला बसवा’ असं कोण म्हणेल? म्हणून ते मार्चमध्येच, डोकं थंड असताना, डॉक्टर आणि मॅनेजरने ठरवायचं आणि ऑक्टोबरमध्ये पाळायचं.

लोक मला 2019 दाखवतात: स्ट्रासबर्ग वर्ल्ड सिरीजचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, नॅशनल्स जिंकले, म्हणजे 2012 चा निर्णय बरोबर. मला हा पुरावा वाटत नाही. त्यानंतर 24.5 कोटी डॉलरचा करार झाला आणि पुढे तो जेमतेम आठ सामने सुरू करू शकला. आधी मनगट, मग खांद्याजवळच्या नसा. 2019 मध्ये तो हरला असता, तरी 2012 मध्ये चोवीस वर्षांच्या मुलाचं कोपर तितकंच त्याचं होतं.