तीन वाजता डोळे मिटतात

प्रश्न : आमच्या पतसंस्थेची नवी इमारत 'ग्रीन बिल्डिंग' आहे. छतावर सौर पॅनल, मोठाल्या काचा, खोलीखोलीत एसी. जुन्या कवेलूच्या जागेत कूलर होता. घाम यायचा, पण खतावणी चुकत नसे. इथं आतल्या खोलीत आम्ही सात जण. तीन वाजले की डोळे मिटतात, बेरीज दोनदा करावी लागते. साहेब म्हणतात, "तुमाले एसी मानवत नाही." खरंच असं असतं का?
– एक वाचक, आर्वी तालुका

उत्तर : साहेबांना विचारा, त्या मोठाल्या काचा उघडतात का? स्प्लिट एसी खोलीतलीच हवा ओढतो, गार करतो आणि परत सोडतो. सात जणांनी सोडलेला श्वास तिथंच फिरत राहतो. कूलर बाहेरची हवा वाळ्याच्या ताट्यांतून आत फेकतो. म्हणूनच समोरची खिडकी उघडी ठेवायला घरची म्हातारी माणसं ओरडायची.

गेल्या मे महिन्यात एका बंद खोलीतल्या बैठकीत मी कार्बन डायऑक्साइडचं छोटं मीटर टेबलावर ठेवलं. बाहेर आकडा ४३० पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ४३० भाग. दीड तासानं आत १९००, आणि दोघं पेंगत होते (एक मीच). दार-खिडकी उघडल्यावर वीस मिनिटांत ९००.

अमेरिकेत हार्वर्ड आणि सिराक्यूज विद्यापीठांच्या संशोधकांनी २४ कर्मचाऱ्यांना सहा दिवस एका कार्यालयात बसवून, त्यांना न सांगता हवा बदलली. भरपूर ताजी हवा आणि रंग-प्लायवूडची वाफ कमी, अशा दिवशी निर्णयक्षमतेच्या चाचणीतले गुण नेहमीच्या कार्यालयापेक्षा जवळपास दुप्पट आले. माणसं मोजकीच, आणि चाचणी म्हणजे खतावणी नव्हे. तरी दोष तुमच्या सवयीचा नाही, एवढं साहेबांना सांगायला हरकत नाही. सौर पॅनलनं वीजबिल कमी होतं, खोलीतली हवा नाही बदलत.

भिंतीत वर एक एक्झॉस्ट पंखा बसवा आणि दाराखाली फट ठेवा, नाहीतर पंखा ओढणार काय? फर्निचर नवं असेल तर सकाळी एसी लावण्याआधी अर्धा तास सगळं उघडं ठेवा. पश्चिमेच्या काचेला पडदा बाहेरून लावा. आतून लावला तर ऊन आत येऊन बसलेलंच असतं.

जुना कूलर भंगारात दिला नसेल तर एप्रिल-मे एसी बंद करून तोच लावून बघा. मृग लागला की काढा, दमट हवेत तो नुसती चिकचिक करतो.