बोलेरोच्या मागे गिअरची पेटी
वाचक विचारतात

प्रश्न : आमचा जुन्नरचा क्लायंबिंगचा ग्रुप आहे, जीवधन, वानरलिंगी, नाणेघाट हाच आमचा भाग. गाडी जुनी बोलेरो, मागे समोरासमोर बसायच्या घडीच्या सीट. ६० मीटरचे दोन रोप, हार्नेस, हेल्मेट, हॅमर, मेखा सगळं सॅकमध्ये कोंबून मागे टाकतो आणि घाटात ते गडगडत असतं. सुतार म्हणतो १८ एमएम प्लायची दोन ड्रॉवरची पेटी करू, वरून सनमायका. करावी का?

उत्तर : पेटी जरूर करा, पण सुताराकडे जायच्या आधी ती गाडीला बांधणार कशी ते ठरवा, बाकी सगळं त्याच्यानंतर. पेटी आणि सामान मिळून ५० किलो धरा. ताशी ५० किमी वेगात गाडी कशावर तरी आदळून साधारण ०.१ सेकंदात थांबली तर ती पेटी सरासरी ७०० किलोच्या जोराने पुढे ढकलली जाते, आणि पुढे काय असतं तर मधल्या सीटवर बसलेल्या तुमच्या मित्रांच्या पाठी. पत्र्यात मारलेले लाकडाचे स्क्रू असल्या जोरात उपटून येतात, त्यामुळे ते नकोतच.

चार कोपऱ्यांना १० एमएमचे हाय टेन्साइल बोल्ट आरपार घ्या. पेटीच्या तळाला आतून लोखंडी पट्टी टाका म्हणजे बोल्टचं डोकं प्लाय फाडणार नाही, आणि गाडीच्या खालून प्रत्येक बोल्टला ३ एमएम जाडीचा, तळहाताएवढा पत्र्याचा तुकडा आणि नायलॉक नट, म्हणजे हादऱ्यांनी ढिला न होणारा नायलॉनच्या रिंगचा नट. ड्रिल मारायच्या आधी कोणालातरी गाडीखाली झोपवून डिझेलची टाकी, ब्रेकचा पाइप, वायरिंग कुठून जातंय ते बघून खडूने खुणा करून घ्या, वरून अंदाजाने भोक पाडू नका. भोक पाडलं की कडेला लगेच प्रायमर आणि मग सिलिकॉन, नाहीतर दोन पावसाळ्यात तिथून गंज धरतो. घडीच्या सीट उचलून ठेवून मधल्या जागेत पेटी बसत असेल तर उत्तमच. सीट कायमच्या काढायचा विचार असेल तर आधी आरटीओत विचारा, कारण आरसीवर आसनसंख्या लिहिलेली असते.

आता लाकूड. १८ एमएम गरजेचं नाही. ३ फूट लांब, २ फूट रुंद, सव्वा फूट उंच पेटी आणि मध्ये एक आडवा कप्पा, एवढं सगळं १२ एमएमच्या एका ८ बाय ४ शीटमध्ये निघतं आणि वजन २० किलोच्या आसपास राहतं, १८ ला तेच ३० च्या घरात जातं. पण प्लाय बीडब्ल्यूपी, म्हणजे उकळत्या पाण्यातही न सुटणारा घ्या, आयएस ७१० नंबरचा शिक्का बघून, आणि चिकटवायला वॉटरप्रूफ फेविकॉल. आतल्या कोपऱ्यांना इंचभर सागाची पट्टी चिकटवून तिच्यात स्क्रू घ्या, प्लायच्या नुसत्या कडेत घेतलेला स्क्रू हादऱ्यांनी ढिला होतोच. सनमायकाचे पैसे वाचवा आणि ते कडांना पेंटचे दोन हात द्यायला वापरा, कारण पाणी शिरतं ते कडेतूनच.

ड्रॉवर मला विचाराल तर नको. ड्रॉवर सरकायचे चॅनल, त्याचा वेगळा तळ, वेगळ्या बाजू, यात जागा आणि वजन दोन्ही जातं आणि बोलेरोचा मागचा दरवाजा स्टेपनीसकट बाजूला उघडतो, तो चढावर उभ्या गाडीत पूर्ण उघडा राहिला नाही तर ड्रॉवर अर्ध्यातच अडतो. वरून झाकण, झाकणाच्या लांबीएवढी सलग पियानो बिजागरी आणि दोन कड्या पुरेत. हवाच असेल तर एकच छोटा ड्रॉवर कॅराबिनर (रोप अडकवायच्या कड्या) आणि डिसेंडर (रोपवरून उतरायचं साधन) यांच्यासाठी, पण ड्रॉवरला खरी कडी लावा, मॅग्नेटचा कॅच माळशेजच्या पहिल्याच वळणावर सुटतो.

आणि रोपसाठी एक गोष्ट कळकळीने सांगतो. पेटीत किंवा पेटीशेजारी जादाची बॅटरी ठेवू नका. रोप नायलॉनचा असतो आणि बॅटरीच्या ॲसिडने नायलॉन आतून कमजोर होतो, वरून रोप अगदी चांगला दिसतो तरीही. रोपचा कप्पा वेगळा, त्यात मेखा-हॅमर नाही, डिझेलचं फडकं नाही, आणि हवा खेळायला दोन्ही बाजूंना वर-खाली इंचाची भोकं पाडून आतून जाळी लावा. धबधब्यावरून आलात तर ओला रोप पेटीत नकोच, घरी सावलीत वाळवून मगच आत.

प्रश्न : याच पेटीत गॅसचा छोटा स्टोव्ह आणि त्याची कार्ट्रिज (गॅसचे छोटे डबे) ठेवली तर चालतील का?

उत्तर : स्टोव्ह चालेल, कार्ट्रिज नाही. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर वर निघून न जाता पेटीच्या तळाशी आणि गाडीच्या फ्लोअरवर साचतो. शिवाय कार्ट्रिजवरच लिहिलेलं असतं की ५० अंशांच्या वर तापू देऊ नका, आणि मे महिन्यात पायथ्याला उन्हात दिवसभर बंद उभी असलेली गाडी तेवढी सहज तापते. तुम्ही सगळेच जण गड चढायला जाणार असाल तर कार्ट्रिज सॅकमधून वर न्या किंवा गावात ज्यांच्याकडे जेवायला थांबता त्यांच्या ओट्यावर, चुलीपासून लांब, सावलीत ठेवून जा.