चीनहून थेट माल मागवण्याआधी

भाऊ, फुले मार्केटात दोनशेला मिळणारी वस्तू परदेशी साइटवर साठला दिसली म्हणून हुरळून जाऊ नकोस. आधी ती एवढी स्वस्त कशी, ते बघ. मधला आयातदार, ठोक व्यापारी, दुकानाचं भाडं, सगळंच गळतं. टेमू या चिनी शॉपिंग साइटचंच घे. कारखानदार माल चीनच्या ग्वांगडोंग प्रांताकडच्या गोदामात टाकतो, विक्रीची किंमत बहुतेक कंपनी ठरवते आणि पाकिटं विमानानं सुटतात. अमेरिकेत 800 डॉलरपर्यंतच्या पार्सलला ड्युटी (आयात कर) नव्हती, त्यावरच हा खेळ फोफावला. चिनी मालासाठी ती सूट 2 मे 2025 पासून बंद झाली.

आपल्याकडे तर गणितच वेगळं. अलीएक्सप्रेस या दुसऱ्या चिनी साइटवर नोव्हेंबर 2020 पासून बंदी आहे. नातेवाइकाची ‘भेट’ म्हणून 5000 रुपयांपर्यंतचा माल बिनड्युटी यायचा, ती वाटही डिसेंबर 2019 मध्ये बुजली. (आडवाटा सांगणारे जळगावात आजही भेटतील, त्यांना लांबूनच रामराम.)

घरापुरतं मागवायचं तर केवायसी दे, ड्युटी आणि आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी) भर, झालं. विकायला आणायचं तर आयईसी नंबर (आयात-निर्यातीसाठीचा सरकारी नोंदणी क्रमांक) लागतोच. खेळण्यांच्या वाटेला सध्या जाऊच नको: 1 जानेवारी 2021 पासून आयएसआय मार्क सक्तीचा आहे, नसेल तर माल कस्टममध्येच अडकतो. आणि वजन बघून घे. फोनचं कव्हर परवडतं, स्टीलचा डबा नाही. फुटकं निघालं तर परत पाठवायचा खर्च वस्तूपेक्षा जास्त, म्हणून पाकीट उघडतानाच व्हिडिओ काढ.